तापीच्या नावाचे मनोरे : सागरी तेलक्षेत्रांच्या आवराआवरीचे नियोजन

(बऱ्हाणपूर येथे मराठी भाषिक श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे. वक्ते सागरी बांधकामांच्या तपासणीचे काम केलेले निवृत्त अभियंता आहेत.)



समुद्र जेथून शेकडो किलोमीटर दूर आहे त्या नगरीत समुद्रातील तेलविहिरींविषयी बोलण्यासाठी मला पाचारण करण्यात आले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. निमंत्रणाचे पत्र हाती आले तेव्हा मलाही ते वाटले. परंतु आज सकाळी राजघाटाच्या पायऱ्यांवर उभा राहून तापीचे पाणी पाहिले आणि हा विषय येथेच मांडणे उचित आहे अशी माझी खात्री झाली. मुलताईला उगम पावलेली ही नदी आपल्या शाही किल्ल्याच्या पायथ्याशी वाहते, पुढे चांगदेवापाशी पूर्णेला पोटात घेते, हतनूर आणि उकाई ही धरणे ओलांडते आणि सुरतेच्या पलीकडे सागरास मिळते. त्या सागरातील एका वायुक्षेत्रास या नदीचे नाव देण्यात आले. काम संपल्यानंतर ज्याचे मनोरे रीतसर उतरविण्यात आले असे भारतातील पहिले सागरी क्षेत्र तेच ठरले. मराठीत आपण नदीला तापी म्हणतो. हिंदीत आणि कागदोपत्री ताप्ती असे नाव चालते. मी आज नदीसाठी तापी आणि वायुक्षेत्रासाठी ताप्ती असे दोन शब्द वापरीन, म्हणजे घोटाळा होणार नाही.

ज्या कामाविषयी मी बोलणार आहे त्याला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द अद्याप रूढ झालेला नाही. परिभाषाकारांना तो सुचेल तेव्हा सुचेल. तोवर मी 'आवराआवर' हा घरगुती शब्द वापरतो. लग्नाचा मांडव घालताना दहा हात पुढे येतात आणि उतरविण्याच्या वेळी घरचे दोघे तेवढे उरतात, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. तेलाच्या धंद्यातही तेच होते, मात्र तेथील मांडव लोखंडाचा असतो आणि भर समुद्रात असतो.

या जिल्ह्यातील शेतकऱ्याला या प्रश्नाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. केळीच्या बागेसाठी तो बोअर घेतो. पाणी लागले नाही, अथवा चार वर्षांनी आटले, की दुसरा घेतो, तिसरा घेतो. पहिल्याचा केसिंग पाइप काढून दुसऱ्यात वापरतो, आणि पहिल्या बोअरचे तोंड तसेच उघडे राहते. त्यात लहान मूल पडल्याची बातमी आपण किती वेळा वाचली आहे! अखेर सर्वोच्च न्यायालयाला २०१० साली या सोडून दिलेल्या बोअरविषयी सूचना द्याव्या लागल्या: माती, वाळू, दगड यांनी भोक तळापासून जमिनीपर्यंत भरून घ्यावे असे त्यात म्हटले आहे. मध्य प्रदेशात त्याच कारणासाठी २०२४ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. आता विचार करा, बोअर घेण्यासाठी जो माणूस कर्ज काढतो, तोच ते बुजविण्यासाठी ट्रॉलीभर माती का टाकीत नाही? तो निष्काळजी असतो म्हणून नव्हे. बोअर घेण्याच्या खर्चामागे पाण्याची आशा असते, बुजविण्याच्या खर्चामागे कसलीच आशा नसते, आणि तो खर्च नेमका अशा वेळी अंगावर येतो की जेव्हा विहिरीने देणे थांबविलेले असते. सागरी तेलविहिरींच्या आवराआवरीचा सगळा पेच एवढाच आहे. मात्र तेथील भोक काही हजार मीटर खोल असते, त्याच्या तळाशी दाबाखालील वायू असतो, आणि तोंडावर समुद्राचे पाणी असते.

समुद्रात उभे काय असते?

ज्यांनी हे मनोरे पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. पाण्यात जे उभे असते त्याला 'जॅकेट' म्हणतात. जाड पोलादी नळ्यांचा तो एक उंच सांगाडा असतो, चार किंवा अधिक पायांचा. किनाऱ्यावरील कारखान्यात तो आडवा बांधतात, तराफ्यावरून नेऊन समुद्रात उभा करतात आणि त्याच्या पायांतून लांब पोलादी खांब समुद्रतळात ठोकून त्याला जखडतात. त्यावर मग मजले चढतात. काही मनोऱ्यांवर केवळ विहिरींची तोंडे असतात, तेथे माणूस राहत नाही. काहींवर तेल, वायू आणि पाणी वेगळे करण्याची यंत्रे असतात, काहींवर कामगारांची राहण्याची सोय असते. तळाशी या सर्वांना जोडणाऱ्या पाइपलाइनींचे जाळे पसरलेले असते. खाऱ्या पाण्याने पोलाद खाऊ नये म्हणून सांगाड्यावर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे गट्टू बसवितात. ते स्वतः झिजतात आणि पोलादाला वाचवितात. ते संपले की पोलादाची पाळी येते.

आपल्या देशात या कामाचा आरंभ १९७० साली झाला. खंबायतच्या आखातात, नर्मदेच्या मुखाजवळ अलियाबेट येथे देशातील पहिली सागरी विहीर खोदण्यास त्या वर्षी प्रारंभ झाला. त्यानंतर १९७४ साली जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट' या तरत्या वेधनयंत्राने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर 'बॉम्बे हाय'चे तेल शोधले आणि २१ मे १९७६ रोजी तेथून उत्पादन सुरू झाले. त्या दिवसांचा उत्साह माझ्या पिढीने अनुभवलेला आहे. १९७३ च्या तेलसंकटात परदेशी चलनाच्या चिंतेने ग्रासलेल्या देशाला आपल्याच समुद्रात तेल मिळाले होते, आणि एकामागून एक मनोरे उभे राहत होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास या क्षेत्राचे उत्पादन शिखरास पोचले. पुढे ते उतरत गेले. नव्या विहिरी, पाण्याचा दाब, पुनर्विकासाच्या योजना असे उपाय करून ते टिकविण्याचे प्रयत्न चालत आले आहेत, आणि जानेवारी २०२५ मध्ये याच हेतूने एका ब्रिटिश तेल कंपनीस तांत्रिक साहाय्यासाठी नेमण्यात आले. हे प्रयत्न योग्यच आहेत. तथापि एवढे ध्यानात घेतले पाहिजे की असे मनोरे साधारणतः पंचवीस वर्षांचे आयुष्य धरून बांधले जातात, आणि पश्चिम किनाऱ्यावरील कित्येक मनोऱ्यांनी ती मर्यादा केव्हाच ओलांडलेली आहे. तपासणी आणि डागडुजी करून त्यांचे आयुष्य वाढविता येते. ते अमर करता येत नाहीत.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. तरुणपणी एका प्रकल्पावर असताना, एका मनोऱ्याच्या मजल्याला नवी यंत्रे बसविण्यासाठी आम्ही जोडमजला काढला. पावसाळा तोंडावर होता, घाई होती. काम चोख झाले, परंतु मूळ आराखड्यावर त्याची नोंद करावयाची राहिली. "मागाहून करू" असे मीच म्हणालो होतो. ज्येष्ठांपैकी एकाला मी त्याच सुमारास विचारले होते की, हे सारे उतरवायचे झाले तर कसे उतरवायचे? ते हसून म्हणाले, "तोवर आपण दोघेही पेन्शनीत असू." पुढे अनेक वर्षांनी त्या मनोऱ्याचे वजन काढण्याचा प्रसंग आला तेव्हा आराखड्यातील आकडा आणि प्रत्यक्ष यांत मोठा फरक निघाला, आणि तो का निघाला हे शोधण्यात आमच्यानंतरच्या मुलांचे काही महिने गेले. भर समुद्रात क्रेनने उचलावयाच्या वस्तूचे वजन ठाऊक नसणे म्हणजे काय, हे मी आपणास वेगळे सांगावयास नको. आवराआवरीच्या नियोजनाची पहिली पायरी कोणती, असे मला कोणी विचारले तर मी यंत्राचे नाव घेत नाही. मी नोंदवहीचे नाव घेतो.

ताप्ती क्षेत्राचा इतिहास

आता मूळ उदाहरणाकडे वळतो. पन्ना, मुक्ता आणि ताप्ती या क्षेत्रांचा करार डिसेंबर १९९४ मध्ये पंचवीस वर्षांसाठी झाला. त्यात तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाचा वाटा ४० टक्के, आणि रिलायन्स व एन्रॉनच्या तेल कंपनीचे प्रत्येकी ३० टक्के होते. मध्य आणि दक्षिण ताप्तीतून १९९७ पासून वायू मिळू लागला. एन्रॉन हे नाव महाराष्ट्रात दाभोळमुळे सर्वांना ठाऊक आहे. ही कंपनी डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीत निघाली. तिचा ताप्तीतील वाटा २००२ साली ब्रिटिश गॅसने घेतला, आणि २०१६ साली ती कंपनीच शेलने विकत घेतली. म्हणजे मनोरा तोच, समुद्र तोच. दारावरची पाटी मात्र दोनदा बदलली. ज्या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी करारावर सही केली ती कंपनी मनोरे उतरविण्याच्या वेळी जगात उरलेली नव्हती.

या ठिकाणी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण माझ्या मते नियोजनाचा गाभा येथे आहे. जबाबदारी व्यक्तीवर किंवा कंपनीच्या नावावर ठेवली तर ती नावासोबत नाहीशी होते. ती वाट्याला चिकटवून ठेवली, तर ज्याच्या हाती वाटा जातो त्याच्या मागे तीही जाते. आणि केवळ जबाबदारी लिहून ठेवूनही भागत नाही. त्यासाठीचा पैसा विहीर देत असतानाच बाजूला पडला पाहिजे. भारत सरकारने १९९९ साली यासाठी स्थळ-पुनःस्थापन निधीची योजना केली. तेल कंपनीने आपल्या उत्पन्नातून ठराविक रक्कम स्टेट बँकेतील विशेष खात्यात भरावी, तिच्यावर करात सवलत मिळावी, आणि ती केवळ आवराआवरीच्याच कामी खर्च व्हावी, असे तिचे स्वरूप आहे. मुलीच्या लग्नासाठी आईबाप दरमहा रक्कम बाजूला ठेवतात त्याच जातीचा हा व्यवहार आहे. फरक असा की घरात ही गोष्ट आपोआप सुचते, उद्योगात ती नियमाने लावावी लागते. सरकारने स्वतः नेमून दिलेल्या जुन्या क्षेत्रांत मात्र हा भार अखेर सार्वजनिक तेल कंपनीच्या ताळेबंदावर, म्हणजे दुरून पाहता जनतेवरच, येतो. मुंबई हायचे बहुतेक मनोरे याच प्रकारातील आहेत. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नाही.

ताप्तीचे उत्पादन २०१६ साली थांबले. तेथील सर्वच उतरविले गेले असे मात्र नाही, आणि ही गोष्ट मला विशेष स्वागतार्ह वाटते. वायूवर प्रक्रिया करणारा मुख्य मनोरा आणि हजिऱ्याकडे जाणारी पाइपलाइन अजून उपयोगी होती. ती महामंडळाकडे सोपविण्यात आली आणि जवळच्या दमण क्षेत्रातील वायूसाठी कामी आली. जे खरोखर निकामी झाले होते ते, म्हणजे विहिरींची तोंडे असलेले पाच मनोरे आणि त्यांमधील पाइपलाइनी, आवरण्याचे ठरले. हे काम २०२२ साली पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. एकोणीस वर्षे वायू दिलेल्या क्षेत्राच्या आवराआवरीचा हिशेब सहा वर्षांनी मिटला. मध्यंतरी कोविडची साथ आली हे खरे. परंतु साथ नसती तरी हे काम एका हंगामाचे खासच नव्हते. देशातील पहिली सागरी विहीर ज्या आखातात खोदली गेली, त्याच आखाताच्या तोंडाशी पहिली आवराआवरही व्हावी, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

काम कसे चालते

लोकांना वाटते की मनोरा कापणे हे मोठे काम. प्रत्यक्षात मोठे काम विहीर बंद करणे हे आहे, आणि ते कोणाला दिसत नाही. प्रथम जड द्रव भरून विहिरीचा दाब आटोक्यात आणतात. वायूच्या थराशी सिमेंटचा एक बूच बसवितात, त्यावर दाब देऊन तो टिकतो की नाही हे पाहतात. मग वरच्या थरांत दुसरा, समुद्रतळाजवळ आणखी एक. बाहेरच्या केसिंगमागील सिमेंट पूर्वी नीट बसले होते की नाही, हा खरा चिंतेचा भाग असतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणी तरी रात्रपाळीत ओतलेल्या सिमेंटवर आज आपण विश्वास ठेवावयाचा असतो, किंवा ते खरवडून नव्याने भरावयाचे असते. अखेरीस केसिंग समुद्रतळाच्या काही मीटर खाली कापून वर काढतात, म्हणजे गाळ वाहून गेला तरी बुंधा उघडा पडू नये. खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर विलक्षण असतो. साबरमती, मही, नर्मदा आणि आपली तापी यांचा गाळ तेथे सतत हलत असतो. आज पुरलेली पाइपलाइन तेथे उद्या उघडी पडू शकते. म्हणून पाइपलाइन जागीच ठेवावयाची असल्यास ती आतून धुऊन, तेलाचा अंश न ठेवता, आणि तिच्या जागेची अचूक नोंद करून ठेवावी लागते.

त्यानंतर मनोऱ्याची पाळी. मजले सुटे करून मोठ्या क्रेनच्या जहाजाने उचलतात. उभारणीच्या वेळी उचलण्यासाठी ज्या कड्या बसविलेल्या असतात त्या बहुधा नंतर कापून टाकलेल्या किंवा गंजलेल्या असतात. नव्या बसवाव्या लागतात. पायांतील खांब तळाखाली आतून कापतात, वाळू मिसळलेल्या पाण्याच्या तीव्र फवाऱ्याने किंवा हिऱ्याचे कण बसविलेल्या तारेच्या करवतीने. इतक्या वर्षांत सांगाड्यावर कालवे, शिंपले आणि शेवाळ यांचे जाड कवच चढलेले असते. त्याचेही वजन क्रेनच्या हिशेबात धरावे लागते, आणि किनाऱ्यावर आणल्यावर उन्हात त्याची जी दुर्गंधी सुटते तिचाही बंदोबस्त करावा लागतो! यंत्रांत साठलेला पारा, जुन्या नळ्यांतील किंचित किरणोत्सारी क्षार, अशा वस्तूंची वेगळी विल्हेवाट असते. आणि हे सारे ऑक्टोबर ते मे या काळात उरकावयाचे असते. पश्चिम किनाऱ्यावर नैर्ऋत्य मान्सूनचे चार महिने असे काम करता येत नाही. दोन्ही टोकांना चक्रीवादळाची धास्ती असते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा कामगारांची वस्ती असलेला तराफा बुडाला आणि अनेक कामगार प्राणास मुकले. त्याचे स्मरण ज्याला आहे तो हवामानाचे वेळापत्रक कधी ताणणार नाही.

आंतरराष्ट्रीय नियमांविषयी थोडक्यात सांगतो. जिनिव्हाच्या १९५८ च्या कराराने सोडून दिलेली बांधकामे संपूर्ण काढावीत असे म्हटले होते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्याने, ज्याला भारताने १९९५ साली मान्यता दिली, नौकानयनाची सुरक्षितता, मासेमारी आणि पर्यावरण यांकडे पाहून ती काढावीत असे थोडे सैल शब्द वापरले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९८९ साली त्याला आकडे दिले: ७५ मीटरपेक्षा कमी खोल पाण्यातील आणि वरचे मजले सोडून ४,००० टनांहून हलकी बांधकामे पूर्णपणे काढावीत, १ जानेवारी १९९८ नंतर उभारलेल्यांसाठी ही खोली १०० मीटर, काही भाग ठेवल्यास त्यावर किमान ५५ मीटर मोकळे पाणी असावे. या सूचनांतील एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९९८ नंतर, पूर्णपणे काढता येईल अशी रचना नसलेले बांधकाम समुद्रात उभेच करू नये, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे शेवट हा पहिल्याच आराखड्यात असला पाहिजे.

उत्तर समुद्रातील एक प्रसंग या संदर्भात सांगण्यासारखा आहे. 'ब्रेंट स्पार' नावाची तेल साठविण्याची सुमारे १४,५०० टनांची तरती टाकी तेथे १९७६ साली बसविण्यात आली होती, म्हणजे आपल्या मुंबई हायचे तेल निघाले त्याच वर्षी. ती निकामी झाल्यावर अटलांटिक महासागरात खोल पाण्यात बुडवावी असे शेलने ठरविले आणि ब्रिटिश सरकारने त्यास संमती दिली. १९९५ साली पर्यावरणवादी कार्यकर्ते तीवर चढले, जर्मनीत लोकांनी शेलच्या पेट्रोल पंपांवर बहिष्कार घातला, आणि कंपनीला बेत सोडावा लागला. टाकी नॉर्वेला नेऊन तिचे तुकडे एका धक्क्याच्या बांधकामात वापरले. गंमत अशी की टाकीत किती तेल उरले आहे याविषयीचा आपला अंदाज चुकल्याची कबुली आंदोलकांनीही पुढे दिली. दोन्ही बाजूंच्या आकड्यांवर लोकांचा विश्वास नव्हता, कारण त्यांना कोणी आधी विचारलेच नव्हते.

मच्छीमार आणि राज्य शासन

आपल्या किनाऱ्यावर ज्यांना विचारले पाहिजे ते मच्छीमार आहेत. प्रत्येक मनोऱ्याभोवती ५०० मीटरचे सुरक्षा वर्तुळ असते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८ हेक्टर, म्हणजे जवळजवळ १९४ एकर भरते. केळीच्या बागेत एवढी जमीन एका खांबासाठी सोडावी लागली तर काय होईल, याची कल्पना करा. सातपाटी, वसई, अर्नाळ्याच्या कोळी बांधवांनी ही वर्तुळे स्वीकारली आहेत, परंतु मनोरा गेल्यावर ते पाणी त्यांना परत मिळाले पाहिजे, आणि तेथे जाळे टाकल्यावर ते तळाशी राहिलेल्या लोखंडात अडकून फाटता कामा नये. एक जाळे फाटले की एका कुटुंबाचा हंगाम जातो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीस बंदी असते, म्हणजे हंगाम आधीच तोकडा आहे.

याच्या उलट एक मत असे आहे की मनोरे मुळीच काढू नयेत. त्यांच्या पायांभोवती मासे जमतात, म्हणून ते आडवे पाडून कृत्रिम खडक म्हणून ठेवावेत. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात १९८४ च्या कायद्यानंतर ही पद्धत पुष्कळ रुळली. तेथे लुइझियाना राज्य अशा सांगाड्याची मालकी स्वीकारते आणि कंपनीच्या खर्चात जी बचत होते तिचा अर्धा भाग आपल्या निधीत घेते. ऐकावयास हा सौदा मोठा गोड आहे. परंतु आपण तो घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. पहिली, मेक्सिकोच्या आखातात गळाने मासे पकडणारे हौशी लोक पुष्कळ आहेत, त्यांना खडक हवा असतो. आपल्याकडे डोल आणि इतर जाळी तळाशी किंवा तळाजवळ चालतात, त्यांना खडक नको असतो. दुसरी, मालकी राज्याकडे आली की दायित्वही कायमचे राज्याकडे येते. शंभर वर्षांनी त्या लोखंडात एखादी नौका अडकली तर उत्तर द्यावयास कंपनी नसेल, शासन असेल. गाळाने भरलेल्या आणि जोरदार प्रवाहाच्या आपल्या आखातात हा प्रयोग जीवशास्त्रज्ञांनी नीट अभ्यास केल्याशिवाय करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवाळ आणि खोल निळ्या पाण्याची चित्रे पाहून निर्णय होता कामा नये.

हे जे पत्रक आपले व्याख्यान छापणार आहे ते शासकीय खात्याचे आहे, म्हणून खात्यांना उद्देशून दोन शब्द बोलतो. तेल हा केंद्राचा विषय आहे हे मी जाणतो. परवानग्या, सुरक्षिततेचे २००८ चे नियम, निधी हे सारे दिल्लीकडे आहे. परंतु कापलेला मनोरा अखेर कोणत्या तरी बंदरात येतो आणि ते बंदर कोणत्या तरी राज्यात असते. अलंगला १९८३ पासून जहाजे तोडली जातात. तेथील कामगारांच्या जिवाची जी किंमत मोजली गेली ती आपण विसरू नये. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मनोरे तोडण्याचे काम यावयाचे असेल तर ते भरतीच्या चिखलात होता कामा नये, पक्क्या फरसबंदीच्या आणि सांडपाण्याची सोय असलेल्या आवारात व्हावे. ती जागा आज ठरविली तर मनोरे येतील तेव्हा तयार असेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत पाण्याखालील कापणी आणि जुन्या पोलादाची तपासणी हे विषय शिकविता येतील. मत्स्यव्यवसाय खात्याने, जागीच ठेवलेल्या प्रत्येक पाइपलाइनीचा नकाशा मच्छीमार सहकारी संस्थांच्या भिंतीवर, मराठीत, लावलेला असेल असे पाहावे. सागरी आलेख कोळी बांधवांच्या हाती नसतात. जीपीएसचे आकडे त्यांना चालतात. पण ते त्यांच्या भाषेत मिळाले पाहिजेत.

जुने म्हणून सर्वच उतरवावे असे माझे म्हणणे नाही, हे पुन्हा सांगतो. ज्या 'सागर सम्राट'ने १९७४ साली तेल शोधले, त्याचे रूपांतर करून ते अलीकडे तेल उत्पादनाच्या कामी परत पाठविण्यात आले. आणि आपल्या गावात तर याहून मोठे उदाहरण आहे. आज दुपारी मला कुंडी भंडारा दाखविण्यात आला. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराला पुरविण्यासाठी ही योजना झाली. त्याच वर्षी इंग्लंडचा वकील टॉमस रो सुरतेहून या शहरात आला होता. त्या वेळी तापीच्या दोन टोकांची ही शहरे एकमेकांची शेजारी होती. कुंडीतून खाली उतरल्यावर भिंतींवर चुन्याचे थर दिसतात. पाण्यातून येणारा हा चुना वेळोवेळी काढला नाही तर वाट बुजते, असे सोबतच्या वृद्ध गृहस्थांनी सांगितले. चार शतकांपूर्वीच्या बांधकामाला आजही पाणी आहे, कारण मधल्या काळात कोणी ना कोणी तो चुना काढीत आले आणि कोठली कुंडी कोठे आहे हे लक्षात ठेवीत आले. आम्ही सागरी अभियंते पंचवीस वर्षांच्या आराखड्यालाही कंटाळतो!

त्याच गृहस्थांनी परतताना मला विचारले की, समुद्रातली विहीर बुजविली, पण ती बुजविली हे पन्नास वर्षांनी कोणाला कळणार? मी त्यांना उत्तर दिले की, प्रत्येक विहिरीचे स्थान, सिमेंटच्या बुचांची खोली आणि चाचणीचे आकडे यांची नोंद केंद्राच्या हायड्रोकार्बन महासंचालनालयाकडे असावयास हवी. ते म्हणाले, "असावयास हवी हे ठीक. आहे का, ते पाहा." ताप्तीच्या बाबतीत हे काम पहिलेच असल्याने त्यावर पुष्कळ डोळे होते. पुढच्या मनोऱ्यांच्या वेळी एवढे डोळे असणार नाहीत. म्हणून माझी विनंती अशी आहे की राज्याच्या मत्स्यव्यवसाय आणि बंदर खात्यांनी त्या नोंदींची एक प्रत मागून घ्यावी आणि दरवर्षी ती अद्ययावत करून घ्यावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, एक पत्र लागते.

 वेळ आहे, असे अध्यक्ष म्हणतात. तेव्हा मागील बाकावरील तरुण मित्रांनी आता प्रश्न विचारावेत.